विखाराची हाक

पूनम सकाळपासून विखाराला मारायला बसली होती आणि हा गडी काही केल्या मरत नव्हता. डोक्यावर आबांचं घोंगडं पांघरायचं, आत मोबाइलचा उजेड करायचा, शेवटचा भाग बोलायला लागायचं आणि दोन वाक्यांत अडखळायचं, असं चाललं होतं. घोंगडं काही हौसेनं घेतलं नव्हतं. भिंतीला लागून यंत्रमाग, दिवसभर खडखडाट, आणि आवाज अडवायला घोंगड्याइतकं दुसरं काही तिला परवडत नव्हतं. सोलापुरात एप्रिलमध्ये डोक्यावर घोंगडं घेणं म्हणजे काय ते ज्यानं घेतलंय त्यालाच विचारावं.

विखार म्हणजे तिच्या गोष्टीतला खलनायक. मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी काढणारी पुण्याची एक कंपनी होती. तिच्यासाठी पूनम ‘सात डोंगरांचं राज्य’ ही मालिका लिहायची आणि स्वतःच्याच आवाजात सांगायची. त्या राज्यात मेघमेंढ्यांचा एक कळप असतो. तो जिथं चरेल तिथं पाऊस पडतो. थोरला राजपुत्र तेजोधर कळप राखत असतो. धाकटा भाऊ विखार एका पहाटे सगळा कळप पळवून नेतो, राज्यात दुष्काळ पडतो आणि तेजोधर अनवाणी कळप शोधायला निघतो.

आता हा तेजोधर असा चांगला, असा चांगला, की विचारू नका. खोटं बोलायचा नाही, कुणावर डाफरायचा नाही, स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला वाढायचा. ऐकणारे पार कंटाळले. ‘तेजोधरदादांना एखादी शिंक तरी येऊ द्या’ असं कुणीतरी खाली लिहिलं होतं आणि त्यावर ढिगानं बदाम पडले होते. बाकी सगळे विचारायचे विखाराचंच. विखार जेवला का, विखाराचा पाय बरा आहे का, विखाराला मारू नका हो ताई.

कंपनीत तिचे भाग तपासायला दिग्विजय नावाचा माणूस होता. त्याचं म्हणणं वेगळं. “मॅडम, लोकांना व्हिलन आवडतो, पण शेवटी तो संपलेलाच आवडतो. हिरो क्लीन, व्हिलन फिनिश. मग दुसऱ्या सीझनचं बोलू.”

शेवट तिच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पक्का होता. विखार सातव्या डोंगरावर उभा राहून मेंढ्यांना हाक मारतो. एकही मेंढी मान वर करत नाही. तो हाका मारत राहतो आणि मारता मारताच दगड होतो. हे दृश्य बोलायची तिनं केवढी वाट पाहिली होती. आणि आता तोंडाशी आलं तर घशातून निघत नव्हतं.

कारण विखार काही तिनं हवेतून काढला नव्हता. तो तिचा सख्खा चुलता होता, बिरुदेव. तात्या.

पूनमचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढपाळ धनगरांचं. ज्ञानबा, म्हणजे पूनमचे आबा, आणि बिरुदेव, दोघे भाऊ, मिळून एक कळप राखायचे. बापाच्या माघारी दोघांनी देवापुढं भंडारा उचलला होता. हळदीची मूठ धरून शपथ, की दोघं जिवंत आहेत तोवर कळप मोडायचा नाही, विकायचा नाही. त्यांच्यात याच्यावरची शपथ नसते. पूनमची आई लवकर गेली आणि पूनम दोन्ही भावांच्या मागं रानोमाळ वाढली. मग एकदा होटगीजवळ एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली असताना ती पहाटे जागी झाली, तर शेत रिकामं. मेंढरं नाहीत, घोडं नाही, तात्या नाही. आबा एकटे बांधावर बसलेले. “तुजा चुलता मेंढरं घिऊन गेला,” एवढंच ते म्हणाले. त्यानंतर आजतागायत त्यांनी त्यावर दुसरं वाक्य काढलं नव्हतं. बापलेक सोलापुरात आले, पूनम शाळेत गेली, आबा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात गेटवर बसायला लागले. भावकीनं तात्याला वाळीत टाकल्यासारखं केलं. भंडारा मोडणारा म्हणून लग्नकार्यात त्याला कुणी पुढं बसवेना.

मग पूनमच्या हातात गोष्ट आली आणि तिनं सगळा राग त्यात ओतला. तात्याचं लंगडणं विखाराला दिलं. विचार करताना एक डोळा बारीक करायची सवय दिली. आणि त्याची हाकसुद्धा दिली. जीभ टाळूला लावून टकटक, मग लांबलचक “हुर्र याऽऽ”, शेवटाला आवाज नाकात चढवलेला. लहानपणी तात्याच्या खांद्यावर बसून ऐकलेली, जशीच्या तशी.

आता ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. दुसऱ्या कुणी विखाराच्या तोंडी काहीही आरोळी घातली असती आणि मोकळा झाला असता. पण धनगराची हाक ज्याची त्याची असते. मेंढरं आपल्या माणसाच्या हाकेला उठतात, दुसऱ्यानं घसा फोडला तरी रवंथ करत बसतात. पूनमनं खरी हाक घातली आणि मोबाइल आता माळावरही वाजतो, हे बाई साफ विसरली.

घोंगड्यात असतानाच फोन वाजला. अनोळखी नंबर.

“पूने, मी म्हाळसा. तुजी काकू.”

म्हाळसाबाई म्हणजे तात्याची बायको. इतक्या वर्षांत तिचा आवाज ऐकला नव्हता.

“तुजी गोस्ट ऐकतीया मी रोज,” काकू म्हणाली. “मोबाइल बाभळीला अडकिवती आन् ऐकती. परवा त्या इखारानं हाक मारली बग, आन् आमची बसल्याली मेंढरं समदी उटली. सरळ बाभळीखाली आली, मोबाइलाकडं बगत. तुजा तात्या वड्यापलीकडं हुता, त्येनं बगितलं. तवापास्नं बोलंना झालाय. आज सकाळच्या येष्टीनं तुज्याकडंच निगालाय.”

“रागात आहेत का?”

“त्येचा राग मला कदी कळला न्हाय. जेवला न्हाय, यवडं खरं.”

फोन ठेवला आणि पूनमनं खोलीत येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. दाराला कुलूप लावून जावं, असं वाटलं. मग वाटलं, का म्हणून? चोरी त्यानं केली आणि पळायचं मी? आबांना फोन लावला आणि रिंग जायच्या आधीच कापला. चहा ठेवला, तो उतू गेला. काय बोलायचं ते तिनं मनात सतरांदा जुळवलं, आणि दारावर थाप पडली तेव्हा त्यातलं एक अक्षर जागेवर नव्हतं.

तात्या म्हातारा झाला होता. पाय पूर्वीपेक्षा जास्त ओढत होता. खुर्ची दिली तर तो भिंतीला टेकून खालीच बसला, पाणी प्यायला, खोलीभर नजर फिरवली.

“ज्ञानबा?”

“कामावर गेलेत.”

“बरं झालं.” त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाला, “त्यो इखार. त्यो मीच की.”

“गोष्ट आहे ती, तात्या. कल्पनेतली.”

“मेंढरांला कल्पना कळत न्हाय.”

पूनमनं उतू गेलेला चहा पुसायला घेतला.

“बेस केलायस त्यो,” तात्या म्हणाला. तिला वाटलं टोमणा आहे. पण त्याच्या तोंडावर तसं काही नव्हतं. “म्हाळसा म्हनली, पोरीनं आपलं तोंड काळं केलं. मी म्हनलं, समदं ऐकून तर घे. त्या चवथ्या डोंगरावर पाऊस लागतो, तवा इखार भिजल्यालं कोकरू अंगरख्यात घिऊन बसतो. त्ये कशापायी घातलंस? खलनायक असलं करत्यात व्हय?”

पूनमला स्वतःलाच ते आठवेना. कधी लिहिलं, का लिहिलं. मग आठवलं. तात्यानं तसं कोकरू घेतलं होतं, आणि त्याच अंगरख्याच्या दुसऱ्या बाजूला ती स्वतः होती. लोक विखारावर का जीव टाकतात ते तिला आत्ता कळलं आणि तिला स्वतःचाच संताप आला.

“शेवट काय करनार?” तात्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. मुद्दाम सगळं सांगितलं, हाक मारतो, मेंढ्या बघत नाहीत, दगड होतो. तात्या ऐकत होता. ‘मेंढ्या बघत नाहीत’ म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम उतरला.

“मार की,” तो म्हणाला. “मारायला माजी ना न्हाय. पन हाक मारल्यावर मेंढरं येऊ देत. तितं माळावर समदी ऐकत्यात, पूनम. हाक कुनाची त्ये समद्यांस्नी कळलंय. मानसांनी मला वळख देऊ नये, त्येची सवय झाली. पन मेंढरं बी वळखंनात, असं नगं सांगू.”

पूनमच्या अंगाचा तिळपापड झाला. “भंडारा उचलून मोडलात. आईवेगळी पोर आणि सख्खा भाऊ उघड्या रानात टाकून गेलात. आणि मेंढरांनी मात्र तुमचं ऐकायला पाहिजे?”

तात्याचा एक डोळा बारीक झाला.

“ज्ञानबानं असं सांगितलं तुला?”

“आबांनी काहीच सांगितलं नाही. चुलता मेंढरं घेऊन गेला, एवढंच.”

“मंग ठीक हाय.” तो भिंतीला हात लावून उठला.

“काय ठीक आहे?”

“त्ये त्येचं हाय. त्येनं सांगावं. मी कसं सांगू?” दाराशी जाऊन तो थांबला. “तुज्या गळ्याला मेंढरं उटली, पोरी. माज्या पोरांच्या गळ्याला बी उटत न्हाईत.” हे मात्र त्यानं अगदी अभिमानानं सांगितलं. तिनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कागदात बांधून पुढं केली. का केली, तिला विचारू नका. त्यानं ती घेतली आणि पाय ओढत स्टँडच्या वाटेला लागला.

तो वळणावर दिसेनासा झाला तशी पूनम रिक्षात बसली ती थेट कारखान्याच्या गेटवर. आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत होते, एका कानात इअरफोन. तिचीच गोष्ट चालू होती. तेजोधर कुणा भुकेल्याला आपली भाकरी देत होता.

“तात्या आला होता,” ती म्हणाली.

आबांनी कानातली वायर काढली.

“होटगीला त्या पहाटे तात्यानं मेंढरं नेली की तुम्ही दिली?”

तेवढ्यात टेम्पो आला. आबा उठले, गेट उघडलं, टेम्पो आत घेतला, गेट लावलं, कडी घातली. परत येऊन खुर्चीत बसले.

“दिली,” ते म्हणाले.

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. “होटगीचा मास्तर म्हनला हुता, पोरगी हुशार हाय, शाळंत टाका. मेंढरामागं फिरनाऱ्याची कसली शाळा? आन् मेंढरं सोडावी तर भंडारा उचलल्याला. म्हातारी, माजी आई, जिती हुती तवा. भंडारा मोडला म्हनल्यावर तिनं हाय खाल्ली असती. बिरूला म्हनलं, तू घिऊन जा. तू नेलीस असं हुंदे. त्यो म्हनला, दादा, मंग भंडारा मी मोडला असं हुईल की. मी म्हनलं, हुईल.”

“मग?”

“मंग काय. गेला.”

“आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात.”

“मी खोटं कदी बोललो न्हाय. चुलता मेंढरं घिऊन गेला, म्हनलो. त्ये खरंच हाय.”

खोटं तर तेजोधरही बोलायचा नाही. पूनमनं आबांवरूनच तो उभा केला होता, पायापासून डोक्यापर्यंत. “रोज ऐकत होता ना तुम्ही? तेजोधर असा, तेजोधर तसा. ऐकून काही वाटलं नाही?”

“बरं वाटायचं,” ते म्हणाले.

याच्यावर भांडता तरी कसं येणार? आणि भांडायचं कुठल्या तोंडानं? कळप गेला होता तिच्या शाळेपायी. तिला शहाणी करायची म्हणून एक भाऊ चोर झाला होता आणि दुसरा साधू. हे सगळं तिच्या पाटी-दप्तराच्या वजनाखाली झालं होतं आणि तिनं त्याच शिकलेल्या हातानं चोराला दगड करायचं ठरवलं होतं.

“शेवट बदलणार मी,” ती म्हणाली. “तेजोधर सगळ्यांसमोर सांगेल, कळप मी दिला म्हणून.”

“समद्या माळाला कळंल, पूनम. इखार कोन त्ये कळलंच हाय. मंग तेजोधर कोन, त्ये बी कळंल.”

“कळू दे.”

“नगं करू,” आबा म्हणाले. जन्मात त्यांनी तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच.

घरी येईपर्यंत तिच्या जिवाला चैन नव्हती. एका पावलाला वाटायचं, म्हाताऱ्याला या वयात उघडं पाडायचं कशाला? पुढच्याच पावलाला वाटायचं, दुसरा म्हातारा इतकी वर्षं उघडाच आहे की. दिग्विजयला फोन केला, तर तो हबकला. “मॅडम, हिरोच खोटा निघाला तर लोक कुणाच्या बाजूनं उभे राहणार?” ती म्हणाली, “मलाही तेच कळेना झालंय.” तो म्हणाला, “मग दुसऱ्या सीझनचं विसरा.” ती बरं म्हणाली. दुसऱ्या सीझनच्या जोरावर आबांना गेट सोडायला लावायचं तिनं ठरवलं होतं. म्हणजे तेही गेलं.

संध्याकाळी पाळी बदलताना माग थांबले. तिनं घोंगडं ओढलं आणि एका दमात बोलली. विखार सातव्या डोंगरावर हाक मारतो. मेघमेंढ्या धावत येतात. लोक दगड उचलतात. तेजोधर मधे पडतो आणि म्हणतो, थांबा, यानं कळप चोरला नाही. मीच कळप दिला, याला वाट सोडली, मेंढ्या याच्यामागं निघून गेल्या आणि मी गप्प राहिलो. कुणी मरत नाही. पाऊस पडतो की नाही, तेही तिनं सांगितलं नाही. मग पाठवायचं बटण दाबलं. रात्री आबा आले, जेवले, झोपले. त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

भाग सकाळी आला. दुपारी पूनम डबा घेऊन गेटवर गेली. डबा म्हणजे निमित्त, आबा सकाळीच भाकरी घेऊन गेले होते. रस्त्याच्या अलीकडं टायरच्या दुकानाशी ती थांबली. आबांच्या दोन्ही कानांत वायरी होत्या. किती तरी वेळ ते तसेच बसून होते. मग त्यांनी वायरी काढल्या, नीट गुंडाळून खिशात ठेवल्या आणि मान वर करून थेट तिच्याकडं बघितलं. ती रस्ता ओलांडून गेली.

“ऐकलंत?”

“ऐकलं. भावकीतनं लई फोन आलं सकाळधरनं. उचललं न्हाईत. बिरूचा आल्ता. त्यो उचलला.”

“काय म्हणाला तात्या?”

“रडत हुता. मेंढरं आली, म्हनला. हाकंला मेंढरं आली, यवडंच म्हनत हुता.”

पूनमला वाटलं आता आबा आपल्यावर चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच गेटच्या कडीकडं बघत होते.

“चुकलंय एक,” ते म्हणाले.

“काय?”

“तू म्हनलीस, तेजोधरानं वाट सोडली आन् मेंढ्या निगून गेल्या. तशा गेल्या न्हाईत त्या. बिरू म्होरं हाका मारत हुता, पन मी मागं हुबा हुतो न्हवं. चार पावलं जायाच्या आन् फिरून माज्याकडं यायच्या. उजाडायची येळ झाली. तू उटशील म्हून जीव वर-खाली व्हाया लागला. मंग मी दगडं मारली. गाभण हुत्या काही. त्यांस्नी बी मारली. तवा गेल्या.”

पूनमनं हातातला डबा खाली ठेवला.

“दुरुस्त करते मी,” पूनम म्हणाली. “अजून करता येईल.”

“नगं,” आबा म्हणाले. “बिरू म्होरं हुता, अंदारात. त्येला वाटतंय, त्येच्याच हाकंला आली.”